पाहुण्यांसाठी झाडलेलं खळं

मी राहते मीरा रोडला, पूनम सागरात, पण जीव अडकलाय उत्तनला. माहेर तिथलं. आई गेल्यावर माहेर म्हणजे मावशी, आणि मावशी म्हणजे तिचं खळं. समुद्राला लागून उघडी जमीन, तिच्यावर बांबूंच्या वलांडी, आणि वलांडींच्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. आमच्या सोसायटीत उत्तनचं नाव निघालं की लोकांचा हात नाकाकडे जातो. सुके बोंबील मात्र सगळ्यांना हवेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.

मावशी भाईंदरच्या बाजाराला निघाली की लिंबाने हात घासायची आणि पदर माझ्यापुढे धरून विचारायची, "वास तर न्हाय येत?" बसमध्ये बायका सरकून बसतात, हे तिने जन्मभर पाहिलं होतं.

खळं कुणाच्याच नावावर नाही. गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासळी सुकवत आल्या, एवढाच त्यांचा हक्क. घोडं इथेच पेंड खात होतं. किनाऱ्याचा नवा सरकारी आराखडा निघाला होता आणि त्यात मासळी सुकवायच्या जागा दाखवायच्या होत्या. दाखवली तर जागेला संरक्षण, नाहीतर ती मोकळी जमीन. आणि मोकळ्या जमिनीचं पुढे काय होतं, हे मीरा रोडला राहणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. आमची इमारत उभी आहे तिथेही मिठागर होतं म्हणतात.

मसुद्याच्या नकाशात खळं नव्हतं. मी हरकत घेतली, खेटे घातले, ऑफिसात बसल्या बसल्या पाय हलवत राहिले. झोपेतही नकाशा. नवरा म्हणाला, तुझ्या अंगात आलंय. आलंच होतं. शेवटी पाहणीला माणसं येणार असं कळलं. मी लगेच मावशीला फोन करून सांगितलं, तर तिला कोण आनंद झाला.

पाहणीच्या सकाळी पोहोचले तर मला खळं ओळखू येईना. भर हंगामात वलांडी उतरवून ठेवलेल्या. जमीन झाडलेली, पाणी मारलेलं, वर मंडप, खुर्च्यांना पांढरी कापडं, फिनेलचा घमघमाट. सणाला गाव आवरतो तसं बायकांनी सगळं आवरलं होतं. अर्धवट सुकलेले बोंबील घरोघरी माळ्यावर कोंबलेले. ते कुजणार हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी मावशीवर तडकले. ती नवं लुगडं सारखं करत म्हणाली, "पाहुने येनार नि त्यांना बोंबलाच्या वासात बसवू काय, बाय?"

माझा राग तिच्यावर नव्हताच. बसमध्ये सरकून बसणाऱ्या प्रत्येक बाईवर होता, आणि नाकाला हात लावणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांवर.

वलांडी परत उभ्या करायला वेळच मिळाला नाही. माणसं आली, शहाळी प्यायली, फोटो काढले. मी जीव तोडून सांगत होते की इथे रोज मासळी असते. त्यांच्यातला एक नम्रपणे म्हणाला की मॅडम, जे दिसतंय तेच लिहितोय. वर, गाव किती स्वच्छ ठेवलाय म्हणून कौतुकही केलं. मावशी खूश. मला मात्र तिथेच बसून रडावंसं वाटलं.

सुनावणीला तोच फोटो पडद्यावर आला. झाडलेली जमीन, मंडप, खुर्च्या. जागा मोकळी आढळली, असं अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं. मी उठायच्या आत मावशी उठली.

"मोकली न्हवती," ती म्हणाली. "तुमच्यासाठी केलेली."

अधिकाऱ्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. फेरपाहणी करू म्हणाले. कधी, ते कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून मी रोज वेबसाइट उघडून बघतेय. आता पावसाळा लागलाय, होड्या वर ओढल्यात. या दिवसांत वलांडी उतरवून बांबू कोरड्यात ठेवायची गावची रीत, नाहीतर ते कुजतात. यंदा मावशीने एकही बांबू काढू दिलेला नाही. बायका चिडल्यात, पण ती ऐकत नाही. माळ्यावर खराब झालेले बोंबील तिने पुन्हा दोरीवर टांगलेत. ते कुणी विकत घेणार नाही, कोंबडीसुद्धा तोंड लावणार नाही.

परवा रविवारी चर्चमधून थेट तिच्याकडे गेले. अजून काही कळलं नाही, असं तिला सांगितलं. ती पडवीत बसून भिजणाऱ्या वलांडींकडे बघत होती.

"वास येतो ना गं, बाय?" तिने विचारलं. "रस्त्यापरत?"

मी छत्री घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन आले. येतो, म्हटलं.