धबधब्याच्या वरचा स्वयंपाक

आवाज आधी येतो. सिल्लेवानीच्या घाटात गाडी थांबली, दार उघडलं, की सागाच्या रुंद पानांआडून, दरीच्या खोल गर्भातून एक अखंड, गंभीर घोष वर चढत येतो. त्यात खंड नाही, घाई नाही. पाणी मात्र दिसत नाही. दिसतं ते कड्याच्या काठावरचं वाळू लागलेलं गवत आणि दरीवर तरंगणारं विरळ, शुभ्र धुकं. हा धबधबा मी वर्षानुवर्षं असा कानांनीच ओळखत आले आहे. डोळ्यांनी? छे! डोळ्यांत त्या वेळी गोवऱ्यांचा धूर गेलेला असतो.

आमच्याकडे सहलीला पार्टी म्हणतात, आणि पार्टी म्हणजे रोडगे. हात हलवत जावं, निसर्ग पाहावा आणि परत यावं, हे आमच्या लोकांना मुळी पटतच नाही. कुवार, म्हणजे आश्विन महिना लागला, ऊन जरा निवळलं, संत्र्याची फळं झाडावर हिरवीगार धरली, की घरात हालचाल सुरू होते. गोवऱ्यांचं पोतं, जाडसर दळलेली कणीक, वांगी, तुपाचा डबा, वरणाचं गंज-पातेलं, सतरंज्या आणि हो, पाण्याचे मोठे कॅन! पाणी पाहायला निघालेली माणसं घरून पाणी भरून नेतात, याहून मोठा विनोद मी तरी पाहिलेला नाही. आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. पार्टीची पद्धत तीच. वाटेत जामसांवलीला निजलेल्या मारुतीचं दर्शन, तिथे चपला हरवणं, चपला सापडणं, सौंसरला चहा आणि मग घाट. पोहोचेपर्यंत सूर्य डोक्यावर.

आणि मग काय होतं? पुरुष तीन दगड मांडतात, गोवऱ्या पेटवतात आणि जणू यज्ञच सिद्धीस नेला अशा थाटात हात झटकून, मुलांना घेऊन दरीत उतरतात. वर उरतो आम्ही बायका. रोडगा हा मोठा मानी पदार्थ आहे. पोळीच्या घड्या एकात एक घालून त्याचा गोळा वळायचा, गोवऱ्यांचा आर, म्हणजे धगधगता निखारा, पडला की त्यात तो सोडायचा, आणि मग त्याच्यापाशी बसून राहायचं. फिरवला नाही तर एक अंग करपतं, लवकर काढला तर पोटात कच्चा राहतो. मंडळी भिजून, भुकेजून वर येतात, राख झटकलेले रोडगे तुपात बुडवून खातात, वाहवा करतात. आम्ही शेवटी जेवतो, आणि शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत कुणीतरी ओरडतंच, की चला, घाटात अंधार होईल. झाली पार्टी!

धबधबा मला दिसतो तो दुसऱ्या दिवशी, पुतण्यांच्या मोबाइलमध्ये. म्हणजे पुतणे दिसतात. त्यांच्या कानामागे एक पांढरी रेघ असते, तो धबधबा. जरा बाजूला सरकून फोटो काढावा, इतकी साधी गोष्ट या मुलांना सुचू नये?

त्यात मी शाळेत भूगोल शिकवते, हे आणखी एक दुखणं. कठीण खडकाखाली मृदू खडक असतो, तो झिजतो, वरचा कडा पुढे येतो आणि पाणी निराधार होऊन कोसळतं, हे सगळं मी खडूने फळ्यावर किती वेळा काढलं असेल! मुलं वहीत उतरवून घेतात, खाली नाव लिहितात, चौकट आखतात. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, मॅडम, तुम्ही पाहिला का? मी तिला आकृती पूर्ण करायला सांगितली. खरं तर आमच्या घरातल्या बायकांचं निम्मं जग असं ऐकीवच असतं. कोणती वाट कशी आहे, कोणत्या गावचा बाजार कसा भरतो, दरीच्या तळाशी काय आहे, हे कुणीतरी जाऊन येतं आणि जेवता जेवता आम्हाला सांगतं. आम्ही वाढता वाढता ऐकतो. पाहणं आणि ऐकणं यांत जे अंतर आहे, ते कोणत्या मोजपट्टीने मोजायचं?

सगळ्यात जास्त संताप यायचा तो माझ्या मोठ्या जावेचा. मी त्यांना बाई म्हणते. दरवर्षी मी खाली जाण्याचा विषय काढला, की बाई आराकडे पाहत, चिमट्याने रोडगा उलटवत, एखादा निकाल वाचून दाखवावा तसं सांगायच्या, ‘खाली काई नाई वो सुमन. पाणीच तं हाय.’ हा शब्द शेवटचा. मनातल्या मनात मी मात्र चडफडायची. यांनी पाहून घेतलं, आता दुसऱ्याला पाहू द्यायचं नाही, असं वाटायचं.

यंदा मात्र माझा पारा चढला. त्याला कारण माझा उजवा गुडघा. नागपूरच्या डॉक्टरांनी तो दाबून, वाकवून पाहिला आणि चढउतार आता जपून, पुढे पुढे बंदच, असं हसतमुखाने सांगितलं. घरी येताना गाडीत मला एकच गोष्ट सुचत होती: यंदा नाही तर कधीच नाही. ज्या पाण्याचा आवाज ऐकत मी निम्मं आयुष्य कणीक मळली, ते न पाहताच राहून जाणार!

म्हणून या वेळी आर पडला, रोडगे आत गेले आणि नवरा बुटांच्या नाड्या बांधू लागला, तेव्हा मी उठले आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आज तुम्ही बसा, मी उतरते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

‘मले कुठं जमते ते?’ ते म्हणाले.

जमते कुठं! गावच्या भंडाऱ्यात हेच पुरुष गावभराचे रोडगे भाजतात, बाईमाणसाला आराजवळ फिरकू देत नाहीत, वरून आमच्या हाताला ती चव नाही असंही ऐकवतात. घरच्या पार्टीत मात्र चिमटा कोणत्या बाजूने धरायचा तेही आठवू नये? मी पदर खोचला आणि वाटेला लागले. मागून, वरच थबकलेल्या पुतण्यांचा कोलाहल झाला, काकू पडसान, काकू गुडघा, काकू आम्ही व्हिडिओ काढून आणतो ना!

वाट कसली, घसरगुंडीच ती. मुरूम पायाखालून सुटत होता, सागाची मुळं पकडावीत तर ती ओली, आणि मध्येच चिप्सची चकचकीत पाकिटं. मी आडवा पाय टाकत, फांद्यांना धरत, गुडघ्याला आणि डॉक्टरांना आळीपाळीने बोल लावत उतरत होते. एका वळणावर मागून दगड घरंगळले. पाहते तर बाई! साठी उलटलेली माझी जाऊ, लुगडं सावरत, चक्क बसून बसून खाली सरकत होती.

‘थांब वो, मी बी येऊन राहिली,’ त्या करवादल्या. ‘तू पडली तं तुले उचलन कोण? काहून एवढा हट्ट करून राहिली? पाणीच तं हाय!’

उरलेली सगळी वाट त्या बडबडत होत्या. मी उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं आणि आम्ही दोघीही घसरलो असतो. शिवाय घोष आता इतका वाढला होता, की त्यांचे शब्द निम्मे पाण्यातच जात होते.

शेवटचं वळण सरलं, आणि तो समोर उभा राहिला.

काय सांगू! कृष्णवर्णी कातळाच्या माथ्यावरून ते शुभ्र, उन्मत्त पाणी स्वतःला झोकून देत होतं, मध्येच एका सुळक्यावर फुटत होतं आणि तुषारांचं धूसर वस्त्र होऊन डोहावर उतरत होतं. माझ्या आकृतीत सारं बरोबर होतं, कठीण खडक, मृदू खडक, पुढे आलेला कडा. फक्त वारा नव्हता. पाण्याबरोबर एवढा गार, ओला वारा खाली कोसळतो आणि तोंडावर येऊन आदळतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं. आनंदाचं म्हणावं तर त्यात रागही पुष्कळ होता.

बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. तोंड उघडं, चष्मा तुषारांनी आंधळा. मग चष्मा पदराने पुसला, पुन्हा पाहिलं, आणि माझा दंड घट्ट धरून, कानाशी तोंड आणून ओरडल्या, ‘एवढं होतं खाली?’

मीही त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

‘तुम्ही पाहिला नव्हता?’

‘मी कधी पाहीन वो? आर कोण पाहत होतं? सासूबाईनं सांगतलं होतं मले, खाली काई नाई, पाणीच हाय. त्याईले बी कोणीतरी तसंच सांगतलं असन.’ त्यांनी माझा दंड सोडला. ‘अन् मी तेच तुले सांगत राहिली!’

ज्या बाईवर मी इतकी वर्षं दातओठ खात होते, तीही माझ्यासारखीच काठावर बसून ऐकत आली होती. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं.

वर वळणावर आमचे हे दिसू लागले. हातात चिमटा, तोंड भराभरा हलतंय, हातवारे चाललेत. रोडगे करपले असावेत, किंवा मीठ सापडत नसावं. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सवयीने मी वळले, पदर सावरला.

बाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः चपला काढून पाण्यात पाय सोडले.

‘बस,’ त्या म्हणाल्या. ‘भूक लागन तं येतीन खाली, ताटं घेऊन.’