शेरडं डावीकडं

भर लोकांत पाळकानं माझ्या हातातला माईक हिसकून घेतला. म्हनला, "मावशी, वचन बदलायचं नाही. कळत नसेल तर गप्प बसा."

माईक चालूच होता. सगळ्या पाड्यानं ऐकलं.

पाडा माझा. पेठकडं, डोंगरात. पुढ्यात बसलेला म्हातारा माझा सख्खा भाऊ. मी येशूची झाले तवापासून त्यानं माझ्याशी बोलनं टाकलेलं. चाळीस वर्सं. त्या दिवशी आला, का तर बहीन आपल्या बोलीत सांगनार हाय म्हनून.

मी नाशकात चर्चमधी झाडझूड करते. शाळा दोनच वर्सं शिकले. पन पाळकाला आमची डोंगरातली बोली येत नाय, म्हनून मला संगं घेतलं. गाडीत पुढं शिटावर त्याची मानसं. मागं सतरंज्यांवर मी.

पाड्यात पाळक मराठीत सांगत होता, मी बोलीत. शेवटी देव मानसं निवडील. मेंढरं उजवीकडं, शेरडं डावीकडं. डावीकडचे आगीत.

माझी जीभ अडली. आमच्या पाड्यात मेंढरू नाय कुनाकडं. शेळ्याच. शेळीच्या दुधावर आमची लेकरं वाढली. माझा भाऊ आजारी शेळीला चुलीपाशी निजवतो, आपन दारात झोपतो. त्याला काय सांगू, तुझी जित्राबं आगीत?

मी सांगितलं, "ज्यानं भुकेल्याला भाकर दिली तो उजवीकडं. ज्यानं दार लावून घेतलं तो डावीकडं."

त्या गोष्टीत पुढं हेच हाय. मी नवं काय घातलं नाय. नुसती जनावरं गाळली. पन पाळकाच्या कानाला शेरडं ऐकू आली नाय. म्हनून माईक ओढला. आन सोताच वरडला, "शेरडे डावीकडे! शेरडे आगीत!"

तेवढं समद्यांना कळलं.

भाऊ उठला. चाळीस वर्सांनी मला म्हनला, "तुना देव माने शेळ्यांवर का रागावला आहा?"

लोक हसले. तो नाय हसला. काठी घेतली आन डोंगराला लागला.

त्यानं सकाळीच बोकड कापला होता. पाहुन्यांसाठी. भावजय चुलीपुढं घामाघूम. नागलीच्या भाकरी थापल्या होत्या टोपलीभर. मी बोलवायला गेले, तर पाळक आन त्याची मानसं गाडीत बसून डबे उघडत होती. "पोटाला सोसत नाही हो मावशी," म्हनले. काच वर केली.

डावीकडं कोन बसलंय ते मला त्या काचेतून दिसलं.

पुढच्या रविवारी चर्चमधी पडद्यावर फोटो दावले. भावाचा फोटो. उघडं अंग, हातात काठी. पाळक म्हनला, "अंधारात बसलेले हे लोक." मग मला म्हनला, "मावशी, उठा. झालेली चूक सगळ्यांसमोर कबूल करा."

मी उठले. 

"तो अंधारात नाय," मी म्हनलं. "तो माझा भाऊ हाय. त्यानं तुमच्यासाठी बोकड कापला. तुमी काच वर केली."

मागून एक बाई म्हनली, "बसा हो खाली, उपासना चालू आहे."

नाय बसले. चर्चची किल्ली कमरेला होती, ती काढून टेबलावर ठेवली. आता झाडा तुमचं तुमी.

येशू मी सोडला नाय. तो माझ्याकडं ह्यांच्या गाडीतून आला नव्हता. माझ्या झोपडीत एक नर्सबाई यायची, माझ्या पायाची जखम धुवायला. माझ्या ताटात जेवायची. मी इचारलं, तू अशी का? तवा तिनं त्याचं नाव सांगितलं. आधी नाय.

आता मी पेठची एसटी धरते. भावाच्या शेळ्यांमागं चालते. त्या एका वाक्यामागं तो अजून बोलला नाय. मी बी येशूचं नाव काढलं नाय. त्यानं इचारलं तर सांगीन. आमच्या बोलीत, बिगर माईकचं. नाय इचारलं तर शेळ्या वळीन.

आन सांगीन तवा शेरडं उजवीकडं ठेवीन. कुनाला इचारनार नाय.