जहाजाचा केक

माझ्या आईनं, म्हणजे कालिंदीबाईंनी, आयुष्यात एकच केक पाहिला होता, तोही लांबून. रेल्वेच्या क्लबात नाताळाला साहेबलोकांनी कापलेला. तेवढ्या भांडवलावर तिनं माझ्या चौदाव्या वाढदिवसाला केक करायचं कबूल केलं, आणि तोही साधासुधा नाही, जहाजाच्या आकाराचा. हट्ट अर्थात माझा. मी शैला, तेव्हा चौदा वर्षांची आणि अक्कल पाच वर्षांची.

साल एक्कावन्न. बाबांची रेल्वेच्या मुख्य कचेरीत बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून कलकत्त्याला, गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये आलो होतो. शाळेत मुली माझ्या बंगालीला हसायच्या. त्यातल्या त्यात तिघी जरा बोलायला लागल्या होत्या. त्यांना मी वाढदिवसाला बोलावलं आणि ऐटीत सांगितलं, ‘जाहाजेर केक’ असणार आहे. मला म्हणायचं होतं जहाजासारखा केक. त्यांना कळलं, जहाजावरून येणारा केक! खिदिरपूरच्या गोदीत विलायती बोटी लागायच्या, तेव्हा एखाद्या बोटीवरचा खानसामा आमच्यासाठी केक करून पाठवणार, असं त्यांनी धरून टाकलं. त्यातल्या मंजुश्रीचे डोळे तर हे एवढे झाले. इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होतं. मी त्यांचा समज तसाच राहू दिला.

इकडे आई आठवडाभर खपत होती. साखर रेशनची, म्हणून बाबा बिनसाखरेचा चहा घेऊन तोंड वाकडं करायचे. ओव्हन कुठला असणार आमच्याकडे? तिनं मोठ्या पातेल्यात वाळू घालून ते शेगडीवर चढवलं, आत बिस्किटांच्या डब्यात पीठ ठेवलं आणि झाकणावर निखारे. घरात अंडं यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आंबट दही आणि सोडा. पहिला केक खालून कोळसा आणि वरून लापशी. तो आम्ही तिघांनी दुधात कुस्करून गुपचूप संपवला. दुसरा मात्र छान फुगला. आईनं सुरीनं त्याचं टोक निमुळतं केलं, उरलेल्या तुकड्यांचा वरचा मजला चढवला, नारळाच्या वडीचं धुराडं आणि चारोळ्यांच्या खिडक्या लावल्या. समुद्रासाठी मी कपड्यांची नीळ सुचवली, तर म्हणाली, पाहुण्यांना मारायचंय का? आणि ताटाखाली तिनं आपला कोरा निळा खण अंथरला.

साडेचारला तिघी आल्या. आईनं मला ओवाळलं, ते त्यांना फार आवडलं. बटाटेवडे, चकल्या, करंज्या, सगळ्याचा फडशा पडला. मग मी केक कापला, बश्यांमधून दिला, आणि कुणी हातच लावेना. मंजुश्रीनं बशी बोटानं थोडी लांब सरकवली. तिचं बघून बाकीच्या दोघीही मांडीवर हात ठेवून बसल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसतच होती.

शेवटी मंजुश्रीनं हळूच विचारलं, केक नेमका कुठल्या जहाजावरचा? थापेलासुद्धा तयारी लागते, ती मी केली नव्हती. आईला बंगाली मला वाटायचं त्यापेक्षा बरंच कळत असावं. तिनं एकदा मंजुश्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या तोंडावरून सगळं प्रकरण तिच्या लक्षात आलं. आता ही चारचौघांत माझी खरडपट्टी काढणार, असं मी धरूनच चालले. ती मात्र शांतपणे तिच्या मोडक्या बंगालीत म्हणाली, “जाहाजेर नाम कालिंदी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी केला, असं ती सरळ सांगू शकली असती. खरं सांगायचं काम तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं.

“कालिंदी माझ्या आईचं नाव,” मी जमेल तशा बंगालीत सांगितलं. “केक तिनं घरी केलाय, शेगडीवर. जहाजावरून काहीही आलेलं नाही.”

आता या उठून जाणार, अशी माझी खात्री होती. मंजुश्रीनं विचारलं, अंडं आहे का? नाही. चरबी? छे, घरचं तूप. तेव्हा तिनं असा काही सुस्कारा सोडला की बाजूची बशी हलली असेल. साहेबाच्या बोटीवरच्या कशालाही तोंड लावणार नाहीस, अशी शपथ तिच्या आजीनं सकाळीच घातली होती. मघापासून वासानं जीव चालला होता बिचारीचा! आधी सांगायला काय झालं होतं, असं मलाच रागावून तिनं अख्खा तुकडा तोंडात कोंबला. बाकीच्या दोघी धुराड्यावरून भांडायला लागल्या. मीही खायला बसले.

रिकामं ताट घेऊन मी आत गेले तेव्हा आई पाटावर टेकली होती. मी खोटं बोलले, चुकलं माझं, असं म्हणायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं.

“ते राहू दे, शैले. मला बाई वाटलं, केकच बिघडला.”