खुलाशाचे पत्रक

सोमवार, ५ मे २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेजारचा छायाचित्रकार वृत्तपत्र घेऊन माझ्या दारात उभा राहिला. तो लग्नांचे चित्रीकरण करतो. सीमेवर तणाव होता. लढाई सुरू झाली नव्हती. पहिल्या पानावर मथळा होता : 'दारूगोळ्याच्या कोठारावर ड्रोन, देवळीचा छायाचित्रकार संशयाच्या भोवऱ्यात'. नाव छापले नव्हते. ड्रोन बाळगणारा छायाचित्रकार देवळीत तो एकटाच.

ड्रोन त्याने कोठारापासून बराच दूर, एका नियोजित वधूवरांसाठी शेतात उडवला होता. पोलिसांनी तो ताब्यात घेऊन, चौकशी करून त्याच दिवशी परतही केला होता. बातमीत यातले काहीच नव्हते. त्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मात्र संध्याकाळपर्यंत गाळा रिकामा करण्यास फर्मावले होते.

माझी नोकरी एका दैनिकाच्या संपादकीय विभागात झाली. मी गावातल्या बातमीदाराकडे जाऊन बातमी खोटी असल्याचे सांगितले. तो वृत्तपत्रांची एजन्सीही चालवतो.

"काका, तिन्ही पेपरात आली न. तिघंही खोटं लिहून राह्यले का?"

"तिघांना दिली कोणी?"

त्याने मोबाइलवरचा बातमीदारांचा ग्रुप दाखवला. मग म्हणाला, "मीच टाकली ग्रुपवर. आमचं असंच चालते. एक जण लिहिते, बाकीचे वरच्या दोन ओळी बदलून पाठवते."

"पोलिसांना विचारलेस?"

"साहेब फोन उचलत नव्हते."

मी त्याला त्याच्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाला फोन लावायला सांगितले. उत्तर आले : पाने युद्धाच्या तयारीने भरली आहेत, जागा मिळेल तेव्हा खुलासा घेऊ.

टेबलावर साड्यांच्या सेलची पत्रके होती.

"ही उद्याच्या अंकात घालणार?"

"हो. तिन्ही पेपरात."

"मग आणखी एक कागद घाल."

त्याला उमगले. "माहं नाव नका टाकू, काका. गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाई."

"त्याला राहिली आहे का?"

मजकूर त्यानेच लिहिला. मी दोन शब्द खोडले : 'अनवधानाने' आणि 'कदाचित'. उरले ते असे : ही बातमी मी पोलिसांना व संबंधितांना न विचारता लिहिली, इतर दोन वृत्तपत्रांच्या बातमीदारांना दिली, ती चुकीची आहे. खाली नाव आणि सही.

मालकीणबाईंकडे मी बातमीदारालाच पुढे केले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"सकाळी तं लई मोठ्या अक्षरात होतं. आता बारीक काऊन?"

"मोठं छापतो, काकू."

"अन् पेपरातच येईन न? नाई तं लोक म्हणतीन, बाईनं भाड्यासाठी ठेवला."

"पेपरातूनच घरोघरी जाईल."

"मंग राहू दे त्याले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, बॉम्ब पडला असता तं घर माहं गेलं असतं. तुमचं काय जाते?"

दुकानात छायाचित्रकाराने अर्धवट बांधलेले सामान सोडायला घेतले.

छापखान्याने संध्याकाळी पत्रके दिली. अक्षर मोठे होते. बातमीदार, छायाचित्रकार आणि मी एजन्सीत बसलो. मी पत्रकांना घड्या घातल्या, गठ्ठे सुतळीने बांधले आणि उद्याच्या वाटपाच्या फळीवर ठेवले.