‘नाही’ ऐकायला शिकवणारी आत्या

आमच्या इमारतीत आत्याबद्दल असं बोललं जातं, की ती गोड बोलून माणसाची किडनी काढून घेते. तळमजल्यावरच्या काकू तर आत्या जिन्यात दिसली की पोट धरून भिंतीला चिकटतात. “बाई गं, हसली माझ्याकडे बघून! आता माझं काय काय जातंय कुणास ठाऊक!” हा आवाज मला हुबेहूब जमतो. निम्मा नाकातून काढायचा, निम्मा घाबरून.

खरं म्हणजे सगळं उलटं आहे. आत्या हॉस्पिटलात स्वयंसेवकांना शिकवते. घरच्या आजारी माणसाला किडनी द्यायला कुणी पुढे आलं, की आधी एक स्वयंसेवक त्याच्याशी दार लावून, एकट्याने बोलतो. त्याला आत्या शिकवते काय, तर समोरच्याचं मन वळवायचं नाही. भीती वाटतेय, बायकोने ढकललंय, भावकीची लाज वाटतेय, जे असेल ते त्याला सांगू द्यायचं. तिच्या लोकांनी जितके दाते पुढे पाठवले, जवळजवळ तितकेच घरी परत पाठवलेत.

स्वयंसेवकाच्या हातात ती काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला देते. बोलणं संपेपर्यंत तो हातातच धरायचा. “माणूस मन वळवायला लागला की आधी पुढे झुकतो,” ती सांगते. “झुकलात की सांडणार. सांडलं की तोंड बंद.” सरावाला खोटा दाता लागतो, ते खातं माझ्याकडे. रडका मेहुणा, तोऱ्यातली थोरली बहीण, सुट्टीत सगळे मीच.

नव्या तुकडीत बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. माणूस लाख, पण उभा जन्म लोकांना आत सरकवण्यात गेलेला. मी समोर बसले, चेहरा पाडला आणि म्हणाले, “मला जरा भीती वाटते हो.”

“कसली भीती! चला, चला, पुढे व्हा, आत भरपूर जागा आहे!”

अख्खा पेला माझ्या मांडीवर. सगळी खोली खिदळली. आत्या मात्र मला म्हणाली, “कपडे बदल आणि परत घाबर.” मी दुपारभर घाबरत होते. शेवटी शेवटी कंडक्टरांच्या हातातलं पाणी हलेनासं झालं.

एक वाक्य मात्र पेला खाली ठेवून, रिकाम्या हातांनी बोलायचं असतं, तेही दाता ‘नाही’ म्हणाला तरच. ते आत्याने स्वतः बसवलंय. “घरी आम्ही एवढंच कळवू, की तुम्ही तपासणीत बसला नाहीत. खरं काय ते या खोलीत राहील.”

मग वेळ तिच्याच घरावर आली. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, दोन्ही किडन्यांनी मान टाकली. दिवसाआड डायलिसिस. काका इतके वाळले, की मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायचं. आत्याला मधुमेह, तिची किडनी बाद. उरला काकांचा धाकटा भाऊ, आत्याचे भावजी. त्यांचं रक्त जुळलं होतं, तब्येत ठणठणीत होती. फक्त हे बोलणं बाकी होतं.

नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, हा नियमही आत्याचाच. आत कंडक्टर आणि भावजी, बाहेर बाकावर आम्ही दोघी. दाराला काचेची पट्टी होती. दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. आत्या सारखी ओढणीचं टोक पिळत होती, म्हणून मी हळूच दोघांचे आवाज काढायला लागले.

“‘या, बसा. कुठे जायचंय?’ ‘मला नाही, फक्त किडनीला जायचंय. हाफ तिकीट द्या.’”

“गप गं, मेले,” आत्या म्हणाली, पण हसली.

आत भावजींची मान खाली गेली. ते बराच वेळ बोलत राहिले. मध्येच त्यांनी बाहीने डोळे पुसले. माझे विनोद संपले. कंडक्टर पाठ टेकून बसले होते, पेला छातीपाशी. झुकणं नाही, मान डोलावणं नाही.

“झुका ना,” आत्या काचेकडे बघत पुटपुटली. “थोडं तरी झुका हो.”

कंडक्टरांनी पेला अलगद टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मोकळे केले.

त्यांचं पुढचं वाक्य मला पाठ होतं, आवाजासकट. आत्या म्हणाली, “काय सुरेख बसलेत बघ. एक थेंब सांडला नाही.”

संध्याकाळी डॉक्टरांनी काकांना सांगितलं, भाऊ तपासणीत बसत नाही. काकांनी भावजींची पाठ थोपटली. “अरे वेड्या, यात तुझा काय दोष?” भावजी हमसून हमसून रडले. आत्याने त्यांना रुमाल दिला.

मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. “पैज लाव. रविवारी भावजी येतील तेव्हा तू बोलशीलच. तोंडाने नाही, तर भांडी आपटून.”

“हरलीस तर?”

“तर सुट्टीभर काकांना डायलिसिसला मी नेईन.”

“लागली.”

रविवारी भावजी फळं घेऊन आले. काका आत झोपले होते. भावजी खुर्चीच्या कडेवर टेकले. “वहिनी,” म्हणाले, “मी तपासणीत बसलो असतो ना, तर...” आणि तिथेच अडकले. एवढी उघडी संधी! ओट्यापाशी मी कान टवकारले.

“भावजी, तपासणीपुढे कुणाचं चालतं?” आत्या म्हणाली. “चहा घ्या, गार होतोय.”

आवाजातला बारीकसा तडासुद्धा माझ्या कानांतून सुटत नाही. त्या दोन वाक्यांत मी तो शोधला, नंतर एकटीने तिच्या आवाजात म्हणूनही पाहिली. माझा आवाज दोन्ही वेळा फाटला. तिचा फाटला नव्हता. काकांना डायलिसिसला आता मी नेते. त्यांना वाटतं, पोरगी हौसेने येते.