मेरीच्या चित्रातले हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. ते चित्र आजही माझ्यासमोर भिंतीवर आहे, आणि त्याच्याकडे बघून मला बरंच वाटतं. बरं वाटावं का, हे मात्र मला सांगता येत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बेळगावच्या एका शाळेत मी नुकताच चित्रकला शिक्षक झालो होतो. अ‍ॅक्रिलिक रंग मला नवे — चहा होईस्तोवर वाळायचे. सराव म्हणून जुन्या कॅलेंडरवरचं, पाचशे वर्षांपूर्वीचं मेरी आणि बाळ येशूचं चित्र उतरवायला घेतलं. निळा झगा जमला, मागचं सोनेरीही जमलं. पण कॅलेंडरला ओल लागली होती ती नेमकी मेरीच्या हातांवर. आता हात आणायचे कुठून?

आई निपाणीहून आली होती. जन्मभर विड्या वळलेली बाई. तीन रविवार मांडीवर उशी घेऊन माझ्यासमोर बसली. "नुसतं बसून ऱ्हायाचं, ह्ये बी काम असतंय व्हय रं?" म्हणून हसायची. हात मात्र स्वस्थ नसायचे — अंगठा तर्जनीवर आपोआप फिरायचा, पान वळत असल्यासारखा. मी ते तसेच रंगवले. इतके सुखाचे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत.

मग एकदा हेडमास्तर घरी आले. चित्रापुढे थबकले. "हात काय जिवंत काढलेत हो! कुणाला बसवलं होतं?"

आई चहा घेऊन दारातच उभी होती. एक शब्द पुरला असता. पण पुढचा प्रश्न मला ठाऊक होता — काय करतात त्या? शाळेत मी विड्यांचं लपवून 'आई घरीच असते' एवढंच सांगून ठेवलं होतं.

"मूळ चित्रातच तसे आहेत, सर," मी म्हणालो.

आईनं कपबशी न वाजवता चहा ठेवला. रागावली? नाही. रुसली? तेही नाही. निपाणीला परतताना चित्र तेवढं मागून घेतलं.

पुढं कधीतरी तिच्याकडे गेलो, तर शेजारीण चित्राकडे बोट दाखवून म्हणत होती, "आक्का, हे तर तुमचंच हात की हो!"

"न्हाय गं," माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "मूळ चित्रातच तसं हायत."

माझं खोटं तिनं मरेपर्यंत सांभाळलं. चित्र माझ्याकडे परत आलं. मागच्या महिन्यात नातीनं विचारलं, "आजोबा, हे हात कुणाचे?" तेव्हाही मी तेच सांगितलं.

हात आईचे आहेत.