सात दिवसांचं माहेर

वाटीत गोळ्या घेऊन अक्का क्षणभर त्यांच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चाला माय, उतरा खाले." मग पाण्याचा मोठा घोट. गोळ्या गेल्या की छातीवरून हात फिरवून त्या नीट पोचल्याची खात्री करायच्या.

अक्का पारोळ्याला आमच्या शेजारी राहायच्या. मुलगी बोदवडला दिलेली, घरात एकट्याच. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर जळगावच्या डॉक्टरांनी केमोच्या गोळ्या घरी घ्यायला दिल्या. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासात. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. अक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेत शिकवायला जाण्याआधी आणि आल्यावर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. तुमच्याही गल्लीत अशी एखादी अक्का असेल, जिला मदत करायला गेलं की आपणच जेवून परततो.

"माले गोयी लेवानी शे, पन तू जेवनी का?"

सुट्टी लागली की स्वारी खूष. "आते मी माहेरले शे," म्हणायच्या. आईवडील जाऊन कितीतरी वर्षं झालेली.

त्यांच्या हातचे मांडे गावात नावाजलेले. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पातळ करायच्या आणि उपड्या खापरावर अलगद सोडायच्या.

गोळ्यांच्या तिसऱ्या फेरीत एका सकाळी त्यांनी पाण्याचा पेला पदरानं धरला.

"अक्का, हात दाखवा."

"काही नही शे, माय."

मी पदर बाजूला केला. गोळ्यांनी तळवे लालबुंद, कातडी सोलवटलेली. आठवडाभर लपवत होत्या. पुढच्या रविवारी बोदवडला नातीचा साखरपुडा होता. डॉक्टरांना कळलं तर मांडे करू देणार नाहीत, ही धास्ती. मी रागावले. त्या खाली बघत म्हणाल्या, "पोरगीले मना हातना मांडा पाहिजे. पुढे मी ऱ्हासू का नही, कोनले मालूम?"

तरीही मी डॉक्टरांना फोन केला. गोळ्या थांबवल्या, पुढे डोस कमी झाला. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "मंग मांडा तूच कर."

साखरपुड्याला मी खापरापुढे, त्या शेजारी खुर्चीवर, मलम लावलेले हात मांडीवर ठेवून. "हात ढिला सोड. घाबरू नको." माझे पहिले चार मांडे फाटले. बायका हसल्या, अक्का मात्र नाही. पाचवा अख्खा खापरावर पडला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवरून आपोआप उचलले गेले होते.

पुढच्या वर्षी आजार यकृतात पोचला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण या खेपेला पोटात टिकेनात. मुलीनं बोदवडला नेलं. तिथंच त्या गेल्या.

उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, म्हणून त्या परत द्यायला मी जळगावला दवाखान्यात गेले. येताना एरंडोलला एसटी गच्च भरली. एक बाई माझ्यापाशी थांबली.

"खिडकीपान कोनी शे का?"

तेव्हा लक्षात आलं, मी कडेच्या सीटवर बसले होते. तपासणीला दोघी जळगावला जायचो, तेव्हा अक्कांना गाडीत मळमळायचं, म्हणून खिडकी नेहमी त्यांची.

ती बाई वाट बघत उभी होती. "नाही" म्हणायला मला फार वेळ लागला.